पथ्य, व्रत आणि पंगत

पथ्य या शब्दात ‘पथ’ आहे, म्हणजे वाट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पथ्याची जी व्याख्या येते तिला दोन अंगे आहेत. शरीरातल्या वाटांना जे बाधत नाही ते पथ्य, आणि शिवाय जे मनाला प्रिय आहे ते पथ्य. मराठी घरांत या व्याख्येचे पहिले अंग टिकले, दुसरे गळून पडले. पथ्य म्हणजे सोडणे असा अर्थ रूढ झाला: आधी तेल-तिखट, मग दूध, मग डाळ, आणि शेवटी पंगतीतले पान. क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घ दाहविकारांत हा अर्थ माणसाला उपाशी ठेवतो. म्हणून या विकारांतला आहारोपचार वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही विषय आहे. सोडण्यात पुण्य कुठवर असते आणि खाणे हेच कर्तव्य कधी होते, हा त्यातला प्रश्न.

या दोन विकारांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी 1859 साली केले. क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांचा निबंध 1932 सालचा आहे. पहिल्या विकारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, शौचातून रक्त जाते. दुसऱ्यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटाला, आतड्याची भिंत पूर्ण जाडीने सुजते. पुढे तिथे वाट अरुंद होते किंवा भगंदर होते. आनुवंशिकता, बिथरलेली प्रतिकारशक्ती, आतड्यातल्या जंतूंचा बिघडलेला समतोल आणि बदललेले राहणीमान यांची गुंतागुंत या आजारामागे असते. कोणताही एक पदार्थ खाल्ल्याने हा आजार होत नाही. तो आतड्याच्या क्षयासारखा दिसू शकतो आणि भारतात क्षय अजून सर्रास आढळतो. एकाला दुसरा समजून उपचार केले तर आजार चिघळतो. त्यामुळे दुर्बिणीची तपासणी आणि तुकड्याचा अहवाल यांच्याआधी पथ्याची चर्चा सुरू होऊ शकत नाही.

मराठी समाजात मात्र ती चर्चा सर्वांत आधी सुरू होते. पोट बिघडले म्हणजे काहीतरी भलते खाल्ले, हा पहिला निष्कर्ष. आणि आजार वर्षानुवर्षे हटत नाही म्हणजे कुठलेतरी कर्म भोवते आहे, हा दुसरा. कर्मविपाकाच्या जुन्या ग्रंथांनी रोगांची पापाशी जोडणी केली, तिचा हा उरलेला अंश आहे. त्यातून प्रायश्चित्तासारखे पथ्य जन्माला येते. आजार उलटला की रुग्ण आणखी एक पदार्थ सोडतो, आणि काही दिवसांनी लक्षणे आपोआप ओसरली तर श्रेय त्या सोडण्याला मिळते. या आजाराचा स्वभावच मुळी उसळण्याचा आणि ओसरण्याचा असल्याने हा भ्रम पक्का होत जातो. ताटातले पदार्थ मात्र परत येत नाहीत.

सोडण्याचा दुसराही एक अर्थ असू शकतो. तो नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार या गावात पाहायला मिळतो. नगर शहरापासून साधारण 17 किलोमीटरवरचे हे पर्जन्यछायेतले गाव 1972 च्या दुष्काळाने मोडले होते. माणसे कामासाठी बाहेर पडली होती. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले, आणि श्रमदानाबरोबर बंदीची एक मालिकाच गावाने स्वतःवर घालून घेतली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, हेही ठरले. या बंदीमागचा हिशेब महत्त्वाचा आहे. पावसाळा संपला की गाव पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांच्या पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर पिके ठरतात. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी रब्बीला आवर. ज्या वर्षी बरा, त्या वर्षी मोकळीक. उसाला तिथे कुणी पापी पीक म्हणत नाही. या जमिनीला, इतक्या पावसात, ते परवडत नाही, एवढेच. गावाने सोडले ते जगण्यासाठी, आणि किती सोडायचे ते दर वर्षी नव्याने मोजले. आहारोपचाराला हाच अर्थ हवा आहे.

मोजणी सुरू होते ती शरीरात काय उणे आहे तिथून. आतडे सुजलेले असताना भूक मरते, शोषण घटते, रक्त आणि प्रथिने शौचावाटे वाहून जातात. त्याच वेळी सूज शरीराची गरज वाढवते. युरोपातल्या क्लिनिकल पोषणतज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजार उसळलेला असताना प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. ओसरल्यावर 1 ग्रॅम पुरते. 60 किलोच्या माणसाला म्हणजे उसळीच्या काळात 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8 ग्रॅम. पातळ वरण-भातावर आणि पेजेवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या माणसाचा हिशेब इथेच फसतो. लोह कमी पडून पांडुरोग होतो. हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेले किंवा आजार उसळलेला असला की लोह शिरेतून द्यावे लागते, कारण सुजलेले आतडे गोळी नीट घेत नाही. लहान आतड्याचा शेवटचा 20 सेंटिमीटरपेक्षा जास्त भाग शस्त्रक्रियेत काढला असेल तर बी 12 बाहेरून द्यावे लागते. स्टेरॉइड चालू असताना हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. या सगळ्या वेळी ‘हलके खा, कमी खा’ हा आपुलकीने दिलेला सल्ला उलटा पडतो.

इथे दुधाचा मुद्दा येतो. हिवरे बाजारचे दूध गवत राखल्यामुळे रोजच्या दीडशे लिटरवरून काही हजार लिटरवर गेले. अशा गावातल्या रुग्णालाही आजाराचे नाव कळताच दूध बंद करायला सांगणारे भेटतात. दुधातली साखर न पचणे ही वेगळी गोष्ट आहे. पुष्कळ भारतीय प्रौढांत ती असते आणि त्यांना दुधाने पोट फुगते, पातळ होते. त्याने आतड्याची सूज वाढते असे नाही. अशांनाही दही आणि ताक बहुधा सोसते. ज्याला दूध सोसते त्याने ते केवळ आजाराच्या नावाखातर सोडणे म्हणजे प्रथिने आणि कॅल्शियमचा सर्वांत जवळचा झरा बुजवणे होय.

भाकरीचेही तसेच. क्रोनमुळे आतडे अरुंद झालेल्या माणसाला बाजरीची भाकरी, मेथीचे देठ, कच्चा कांदा, भरडलेले शेंगदाणे अडकू शकतात. त्याला मऊ भात, मुगाचे घट्ट वरण, साल काढून शिजवलेला दुध्या, मऊ उकडलेले बटाटे द्यावे लागतात. उसळी ओसरली आणि वाट मोकळी असली की चोथा टाळण्याचे कारण उरत नाही. भाकरी थोडी थोडी परत यायला हवी. ही परतीची पायरी बहुतेक घरांत कुणी सांगत नाही. आजाराच्या वाईट महिन्यात आखलेले ताट पुढे दहा वर्षे तसेच राहते.

अन्न स्वतःच औषध होऊ शकते का, या प्रश्नाला वैद्यकाने दिलेले सर्वांत ठाम उत्तर विलक्षण आहे. क्रोन झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे घरचे सगळे अन्न बंद करून केवळ तयार द्रव आहारावर ठेवतात आणि त्यांतल्या बहुसंख्यांची सूज स्टेरॉइडशिवाय ओसरते. प्रौढांत मात्र हा उपचार तितका लागू पडत नाही. एकत्रित अभ्यासांत त्यांच्यासाठी स्टेरॉइड सरस ठरले. एक मोठे कारण असे की प्रौढ माणसे तो आहार मध्येच सोडतात. दोन महिने रोज तेच एक पेय आणि शेजारी घराचे जेवण चाललेले, हे सहन करणे सोपे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ताकद भरून काढायला या द्रव आहाराचा उपयोग होतो; अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज उतरवणारा उपचार म्हणून होत नाही. प्रौढांच्या या अपयशात चरकाचे दुसरे अंग पुन्हा दिसते. मनाला जे मुळीच प्रिय नाही, ते शरीराला कितीही मानवले तरी पथ्य म्हणून टिकत नाही.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीचा निष्कर्ष धर्मचिंतकांनीही वाचावा असा आहे. क्रोन असलेल्या सुमारे दोनशे प्रौढांचे दोन गट केले. एका गटाला धान्य, बहुतेक दूध आणि साखर वर्ज्य करणारा अतिशय कडक आहार दिला. दुसऱ्याला भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखा भाज्या, फळे, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल आणि धान्य असलेला सोपा आहार. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणे जवळपास सारख्याच प्रमाणात ओसरली. कडक तपाला जास्त फळ मिळाले नाही. सोसणे जितके कठीण तितका उपाय खरा, ही धारणा मराठी मनात खोल रुजली आहे. तिला निदान या प्रश्नात तरी आधार सापडलेला नाही.

गीतेचाही कल त्या धारणेच्या विरुद्ध आहे. सहाव्या अध्यायात योग फार खाणाऱ्यालाही साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे. सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेली घोर तपे करून देहाला आणि देहात राहणाऱ्या ईश्वराला पीडा देणाऱ्यांचा स्पष्ट धिक्कार आहे. 1290 साली याच नगर जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तेव्हा त्यांनीही आहाराला सांगितले ते युक्तीचे माप. गौतम बुद्धाच्या चरित्रातला निर्णायक क्षणही उपवास सोडण्याचा आहे. सुजातेची खीर त्याने स्वीकारली ती देह संपत आल्यावर, आणि बोध त्यानंतरचा.

तरी रोजच्या आयुष्यात प्रश्न एकादशीचा असतो. वारकरी घरात आषाढी-कार्तिकीचा उपवास न करणे ही रुग्णाला लाजिरवाणी गोष्ट वाटते. धर्मशास्त्राने मात्र तिला लाजिरवाणी ठरवलेले नाही. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही, असे वचन निर्णयकारांत सर्वमान्य आहे. असमर्थाच्या वतीने पती, पत्नी, मुलगा किंवा भाऊ यांनी व्रत केले तरी चालते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी 1790 साली रचलेला धर्मसिंधू याच परंपरेतला. म्हणजे जी शास्त्रे कर्मठ म्हणून ओळखली जातात त्यांनी दूध आणि औषध दोन्ही व्रताच्या आत ठेवले. दुधाच्या प्रथिनांपासून बनवलेला, डॉक्टरांनी लिहून दिलेला द्रव आहार या दोन्ही नावांनी एकादशीला चालतो. इस्लाममध्येही आजाऱ्याला रोजे पुढे ढकलता येतात, आणि ज्याला ते कधीच झेपणार नाहीत त्याने त्याऐवजी गरिबाला जेवू घालावे असे कुराणात सांगितले आहे.

वैद्यकाच्या बाजूने पाहता आजार शांत असताना, वजन भरलेले असताना एका दिवसाचा फराळी उपवास बहुतेकांना बाधत नाही. उकडलेले रताळे, केळे, दही, साबुदाण्याची पेज हे पदार्थ अरुंद आतड्यालाही मऊ आहेत. नुसत्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, एवढे ध्यानात ठेवून दूध-दही वाढवावे लागते. उसळीच्या काळात, जुलाब होत असताना निर्जळी करणे मात्र धोक्याचे आहे. शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने घसरतात. उपवास म्हणून त्या दिवशीच्या गोळ्या न घेणे तर सरळ चूक आहे, आणि वर सांगितलेल्या वचनात औषध मुद्दाम का घातले असावे ते यावरून कळते. चातुर्मासात एकभुक्त राहणे हेही खंगलेल्या माणसाचे व्रत नव्हे. जेवण हा यज्ञ आहे असे रामदासांचा जेवणाआधीचा श्लोक शिकवतो. यज्ञातला अग्नी मंद असेल तर आहुती लहान करून वारंवार द्यायची असते. आहारतज्ज्ञ या रुग्णांना दिवसात पाच-सहा वेळा थोडे थोडे खायला सांगतात, ते याहून वेगळे नाही.

खरा पेच माळकऱ्याचा आहे. इस्रायलचे डॉक्टर आरी लेविन यांनी क्रोनसाठी बांधलेला वर्जनाहार 2019 च्या चाचणीपासून गाजला. त्यात गहू, दूध आणि कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ सुरुवातीला वर्ज्य, आणि कोंबडीचे मांस, अंडी, बटाटे, सफरचंद, केळी हे रोज आवश्यक. ज्याने पंढरीची तुळशीमाळ घालून मांस-अंडी सोडली आहेत त्याच्यापुढे इथे दोन कर्तव्ये समोरासमोर येतात. छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची कथा अशा वेळी उपयोगी पडते. दुष्काळात भुकेने व्याकुळ झालेल्या उषस्तीने हत्तीच्या माहुताचे उष्टे उडीद मागून खाल्ले. माहुताने उष्टे पाणीही पुढे केले तेव्हा त्याने ते नाकारले. उडीद खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी तर हवे तिथे मिळेल, हे त्याचे उत्तर. आपद्धर्माची मर्यादा इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी आखली असेल. नियम जीवासाठी वाकतो, सोयीसाठी नाही.

हे माप माळकऱ्याला लावले तर माळ उतरवण्याची वेळ सहसा येत नाही. तो वर्जनाहार हा अनेक मार्गांपैकी एक आहे. प्रथिने दह्यातून, पनीरमधून, मुगातून, द्रव आहारातून भरता येतात आणि मुख्य उपचार औषधांचा आहेच. पण हे सारे करूनही वजन घसरतच असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तर अंडे खाणाऱ्या माळकऱ्याने व्रतभंग केला असे म्हणणाऱ्याने उषस्तीची कथा पुन्हा वाचावी. डॉक्टरांवरही हाच नियम लागू होतो: ज्या गोष्टीला पर्याय आहे तिच्यासाठी रुग्णाचे व्रत मोडायला लावण्याचा अधिकार त्यांना नाही.

लेविन यांच्या यादीत केळे रोज आवश्यक आहे आणि हिवरे बाजारच्या शिवारात केळी वर्ज्य आहे. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. एक पोट पाहून घेतला, दुसरा विहीर पाहून. पदार्थ स्वतःहून सात्त्विक किंवा तामसी नसतो हे यावरून दिसते. चरकानेही आहाराचा विचार करताना पदार्थाच्या स्वभावाबरोबर संस्कार, संयोग, मात्रा, देश, काळ, खाण्याची रीत आणि खाणारा माणूस अशी एकूण आठ अंगे मोजली आहेत. या आठांतून फक्त पहिले उचलून ‘वांगे वाईट, मूग चांगला’ असे सूत्र करणे ही आयुर्वेदाचीही मोडतोड आहे. चरकाच्या ग्रहणीरोगाच्या प्रकरणात ताकाची थोरवी आहे आणि ताक अनेकांना सोसतेही. पण ग्रहणी म्हणजेच आयबीडी हे समीकरण सिद्ध नाही, आणि ताकाच्या भरवशावर गोळ्या थांबवणाऱ्यांना ते पुढे फार महागात पडते.

शुद्ध-अशुद्धाची कल्पनाही या विषयात टिकत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये केलेली आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसवर होती. खेड्यातल्या निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या मोठ्या आतड्यात सोडले, जोडीला दाह कमी करणारा आहार दिला, आणि नेहमीच्या औषधांवरच ठेवलेल्या गटापेक्षा हा गट सरस ठरला. पुढे वर्षभर केवळ त्या आहारानेही फायदा टिकवायला मदत झाली. सोवळ्यात जी सर्वांत अमंगळ ती गोष्ट औषध ठरली, आणि खेड्यातल्या साध्या जेवणावर वाढलेले पोट शहरातल्या रुग्णाला दान देऊ शकले.

शेवटचा मतभेद गांधीजी आणि चरक यांच्यातला आहे. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्वादव्रत समजावले: औषध जसे चवीसाठी घेत नाहीत, शरीराला लागते तेवढेच घेतात, तसेच अन्न घ्यावे. निरोगी आणि भरल्या पोटाच्या माणसासाठी हे व्रत मोठे आहे. आजाऱ्यासाठी चरक जास्त खरा आहे. ज्याचे अन्न आधीच औषध होऊन बसले आहे त्याला आणखी अस्वाद शिकवायची गरज नसते. त्याला चव परत हवी असते. आजार शांत असतानाही पुष्कळ रुग्ण भीतीने खात नाहीत, लग्नाला जात नाहीत, सप्ताहाच्या काल्याला जेवायला बसत नाहीत. गांधीजींच्या त्याच पत्रातला एक मुद्दा मात्र दोघांनाही जोडतो. औषध कमी पडले तर गुण येत नाही, आणि अन्नाचेही तसेच आहे, असे त्यांनीच तिथे म्हटले आहे.

हिवरे बाजारने पाण्याचा नियम एकट्या शेतकऱ्यावर टाकला नाही. ग्रामसभेत सर्वांनी मिळून तो वाहिला. उसाविना राहण्याचा त्रास वाटला गेला म्हणून नियम टिकला. पथ्य मात्र अजून एकट्याने वाहायचे ओझे आहे. रुग्णाचे वेगळे पातेले, वेगळी वेळ, वेगळा कोपरा. मऊ भात, घट्ट वरण, दही, उकडलेला बटाटा यांत घरातल्या बाकीच्यांना न चालणारे काहीच नाही. आठवड्यातली काही जेवणे सगळ्यांनी तीच जेवावीत. रुग्णाने उपवासाचे दिवस आणि माळेचा नियम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा, महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवावे, आणि कोणताही पदार्थ सोडताना तो परत कधी घ्यायचा ते विचारून घ्यावे. सप्ताहाच्या पंगतीत आमटी-भाकरी वाढणाऱ्यांनी अशा माणसाला उठवून घरी पाठवू नये. त्याच्या पानात आधी भात वाढावा, वर तूप घालावे आणि ओळ पुढे न्यावी.